शेठजींची बिनव्याजी बँक

पत्र

काका, सोलापुरात माझं शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे. १४ मशीन, १२ बायका आणि एक कटिंग मास्तर. बायका नगावर काम करतात, भरल्या सीझनला महिन्याला सरासरी १२ हजार पडतात. त्यातल्या दोघी आधी विड्या वळायच्या. वर्षाची उलाढाल ४२ लाखांच्या आसपास आहे. बँकेचे साहेब म्हणतात, आणखी १० मशीन घ्या, ८ लाखांचं कर्ज देतो. एक एजंट म्हणतो, ३५ टक्के सबसिडी काढून देतो, मला फक्त २ टक्के द्या. धाकटे दीर म्हणतात, जुलैनंतर काम नसतं, मग शेड कशाला पोसायची? बायकांना घरी मशीन द्या, कापड वाटा, नगाचे पैसे द्या, डोक्याला ताप नाही. बायकांना सोडायचं माझ्या जिवावर येतं. शिवाय कलबुर्गीच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे गेल्या एप्रिल-मेच्या मालाचे ४ लाख ६० हजार अडकलेत. ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, कागद काही नाही. कापडवाल्याला द्यायला मी पाटल्या गहाण ठेवल्या. मागायला गेलं की शेठ म्हणतात, कॉलरच्या रंगाचा शेड जुळला नाही, पार्टीने माल परत केला. आता त्यांनी नव्या सीझनची ३ हजार सेटची ऑर्डर दिली आहे, आणि फेब्रुवारीत मुलाच्या लग्नाची पत्रिकाही. कर्ज घेऊ का? बायकांचं काय करू?

उत्तर

ताई,

कर्जाचं तुम्ही सगळ्यात आधी लिहिलंत आणि कलबुर्गीच्या शेठजींचं शेवटी, जाता जाता. मी उलटीकडून सुरुवात करतो. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी नोकरी केली. तिथे येणाऱ्या बहुतेक छोट्या कारखानदारांचा खरा आजार अर्जाच्या मागच्या पानावर, येणे बाकीच्या यादीत असायचा. पुढच्या पानावर सगळे मशीनच मागायचे.

एक साधा हिशेब करू. १२ बायका, प्रत्येकी १२ हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ४४ हजार. तीन महिन्यांचे ४ लाख ३२ हजार. शेठजींकडे अडकलेत ४ लाख ६० हजार. म्हणजे ज्या मंदीच्या काळात बायकांना काय द्यायचं म्हणून तुम्ही रात्री जागता, त्यातल्या तीन महिन्यांची पूर्ण मजुरी कलबुर्गीच्या गल्ल्यात पडून आहे. दिरांना हा आकडा दाखवा. शेड बायकांमुळे जड झालेली नाही.

दुसरं. गणवेश हा काही उधारीवर खपणारा माल नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाप पोराला घेऊन दुकानात येतात आणि रोख मोजून, नाहीतर फोनवरून पैसे टाकून पिशवी घेऊन जातात. दुकानदाराकडून ठोकवाल्याकडेही पैसे बऱ्यापैकी लवकर फिरतात, कारण सीझन सहा आठवड्यांचा असतो. तुमच्या मालाचे पैसे बाजारात अडकलेलेच नाहीत. ते जूनमध्येच आले आणि शेठजींनी दिवाळीच्या मालात फिरवले. तुम्ही पाटल्या गहाण ठेवून त्यांना बिनव्याजी भांडवल पुरवताय. बाजारात हे सर्रास चालतं. ज्याच्या हाती सर्वांत कमी पैसा, तोच सर्वांत जास्त दिवस थांबतो, आणि वर त्यालाच संकोच वाटतो.

आता कर्ज. ८ लाख, साडेअकरा टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साडेसतरा हजारांच्या आसपास जातो. हा हप्ता ऑगस्टमध्येही जातो, ऑक्टोबरमध्येही जातो. तुमच्या आहेत त्या १४ मशीनपैकी निम्मी तेव्हा कापड टाकून झाकलेली असतात, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. मग २४ कशाला? मार्च ते मे कमी पडतं ते काम शेजारच्या एखाद्या युनिटला जॉबवर द्या. नफा थोडा वाटला जाईल, पण हप्ता बसणार नाही. यंदा मशीनचं कर्ज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेकडे जायचंच असेल तर कॅश क्रेडिटची मर्यादा मागा, सीसी म्हणतात ती. छोट्या उद्योगांसाठी जुना ठोकताळा आहे: अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल. तुमच्या ४२ लाखांवर ते ८ लाख ४० हजार होतं. वापराल तेवढ्यावरच व्याज, जूनमध्ये पैसे आले की भरून टाकायचं. पण इथेही शेठजी आडवे येतात. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी हिशेबातच धरत नाहीत. म्हणजे तुमच्या वहीत जे ४ लाख ६० हजार आहेत, ते बँकेच्या वहीत शून्य.

एजंटाचं एका वाक्यात: त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो ज्या ३५ टक्क्यांबद्दल बोलतोय, ते बहुधा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान. त्याचं पहिलं कर्ज नव्या उद्योगाला असतं. चालू युनिटला नवं दाखवून ते काढायचं म्हणजे खोट्या कागदावर तुमची सही, आणि २ टक्के घेऊन तो मोकळा. अर्जाला पैसे लागत नाहीत, छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीलाही लागत नाहीत.

आता वसुली. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आठवड्याच्या टपालात इचलकरंजीचं एक असतं, भोसरीचं एक असतं.

२००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. त्यात म्हटलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर करारात ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. तुमची ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. मुदतीचा कागद नाही, म्हणजे तुम्हाला १५ दिवस लागू. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात. ४ लाख ६० हजारांवर पहिल्याच महिन्याचे ६ हजार ३२५ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका ठिकाणी लागणार आहे.

कॉलरच्या शेडचंही उत्तर याच कायद्यात आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी पसंत पडला असं धरतात. शेठजींना शेड आठवला तो तुम्ही पैसे मागायला गेल्यावर, तोही तोंडी. बरं, माल परत आला म्हणतात, तर तो आहे कुठे? परतीचं चलन दाखवा म्हणावं. शेड खरंच चुकला असेल तर तेवढे नग मोजून रक्कम वजा करायला तुम्ही तयार आहात, असंही सांगा. खऱ्या तक्रारीला तोंड द्यायचं, सबबीला द्यायचं नाही.

हा कायदा लागू व्हायला तुमची उद्यम नोंदणी माल पाठवण्याच्या आधीची हवी आणि ती उत्पादनाखाली हवी. नुसत्या व्यापाराखाली असेल तर उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. तुमचं प्रमाणपत्र काढून आजच बघा. जुना उद्योग आधार असेल तर त्याची मुदत ३० जून २०२२ लाच संपली. उद्यम क्रमांक यापुढे प्रत्येक बिलावर ठळक छापून घ्या. रबरी शिक्का केलात तरी चालेल.

शेठजींना खरा चटका मात्र आयकराचा बसेल. व्यापारी लोक ज्याला ४३बी(एच) म्हणतात ती तरतूद २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही बाकीच असतील, तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. देतील त्या वर्षी धरता येते. म्हणजे ४ लाख ६० हजार यंदा त्यांचा नफा दिसणार आणि त्यावर त्यांना कर बसणार. रीतसर वह्या ठेवून कर भरणाऱ्यालाच हे लागतं, पण एवढा मोठा ठोक व्यापारी वह्या ठेवतच असणार. जीएसटीत आणखी एक कळ आहे. बिलावरचा कर तुम्ही गेल्या उन्हाळ्यातच भरला, पैसे मिळोत न मिळोत. शेठजींनी त्याची वजावट केव्हाच घेतली असेल. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर ती वजावट व्याजासकट परत करावी लागते. मे महिन्याच्या बिलाचे १८० दिवस नोव्हेंबरातच संपले.

हे सगळं शेठजींना फोनवर ऐकवत बसू नका. त्यांच्या मुनीमजींना किंवा सीएला कळेल अशा भाषेत एक पत्र जाऊ द्या. आधी कागद जमवा: बिलं, ट्रान्स्पोर्टची बिल्टी, ई-वे बिल, ऑर्डरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, आजवर आलेल्या रकमांच्या बँकेतल्या नोंदी. खात्याचा उतारा काढा आणि तो ‘३१ डिसेंबरअखेर बाकी बरोबर आहे’ एवढी सही-शिक्क्याची ओळ मागत पाठवा. व्यापारात दरवर्षी बाकी जुळवतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. ही सही झाली की शेडची सबब बरीच लंगडी पडते, आणि वसुलीची तीन वर्षांची मुदतही सहीच्या तारखेपासून नव्याने सुरू होते.

सही येवो न येवो, आठवड्याने हे पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने जाऊ द्या. हिंदीत किंवा कन्नडमध्ये करून घ्या, सोलापुरात त्याला माणूस शोधावा लागत नाही:

‘स.न.वि.वि. सोबतच्या उताऱ्याप्रमाणे आपल्याकडून रु. ४,६०,००० येणे आहे. माल पोचून सात महिन्यांहून अधिक काळ झाला. मालाबाबत १५ दिवसांत लेखी हरकत आलेली नाही. आमची संस्था उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादक आहे, प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. वर्षअखेरीस ही रक्कम बाकी राहिल्यास आपल्या आयकराच्या व जीएसटीच्या हिशेबावर त्याचा परिणाम होईल, हे आपल्या सनदी लेखापालांच्या नजरेस आणावे. अर्धी रक्कम १५ फेब्रुवारीपर्यंत व उरलेली १५ मार्चपर्यंत मिळाल्यास आम्ही व्याजाची मागणी करणार नाही. कळावे.’

एवढंच. धमकी नको, ‘कोर्टात खेचीन’ नको. व्याज सोडायची तयारी दाखवली आहे ती मुद्दाम. शेठजींना मान राखून पैसे द्यायला वाट हवी.

मार्च उलटला आणि काही आलं नाही, तर सुविधा परिषदेकडे अर्ज. छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे तंटे याच कायद्याखाली ती सोडवते. अर्ज ऑनलाइन होतो, अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. इथे तुमच्या बाजूच्या दोन गोष्टी आहेत. विकणारा जिथला, तिथली परिषद प्रकरण चालवते, घेणारा देशात कुठलाही असो. म्हणजे तुम्हाला कर्नाटकात खेटे घालायचे नाहीत. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला आणि शेठजींना त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निकाल लिहिलाय, पण त्यावर विसंबून पाटल्या सोडवायची तारीख ठरवू नका. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून तर आधी पत्र.

काही व्यापारी आता उत्पादकांना म्हणतात, तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर माल दुसरीकडून घेऊ. शेठजी असं म्हणाले तर हसून विषय बदला, पण नोंदणी रद्द करू नका.

लग्नाला जा. नवऱ्याला, मुलांना घेऊन जा, रीतीप्रमाणे आहेर करा, जेवून या. मांडवात पैशांचा ‘प’ काढू नका आणि त्यांनी काढला तर ‘नंतर बोलू शेठ’ म्हणा. पत्र लग्नाच्या आधी पोचलेलं असलं म्हणून अवघडायचं कारण नाही. व्यापारी माणसाला बाकीच्या पत्राचं एवढं वाटत नाही, तुम्हालाच जास्त वाटतं.

तीन हजार सेटची नवी ऑर्डर. तुमच्या उलाढालीत शेठजींचा वाटा किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण ऑर्डरचा आकार बघता तो बराच मोठा असावा. एका गिऱ्हाइकावर इतकं झुकायचं नाही. चौथा हिस्सा फार झाला. शिवाय जुनी बाकी अर्धी आल्याशिवाय नव्या कापडाला कात्री लावायची नाही. ती आली तर ऑर्डर घ्या, पण कापडाचे पैसे आधी, ऑर्डरच्या ४० टक्के. माल तीन खेपांत. पहिल्या खेपेचे पैसे आले की दुसऱ्या खेपेची बिल्टी. हवं तर पुढच्या तारखेचे चेक घ्या. चेक न वटण्याची भीती व्यापाऱ्याला अजूनही असते. हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. तुमच्याकडे आजवर असा कागद नव्हता आणि शेठजींना तीच सवय लागली. ते म्हणतील, ‘इतक्या वर्षांत कधी कागद केला नाही, आता अविश्वास?’ त्यावर सरळ सांगा की बँक मागते. खोटंही नाही, सीसीच्या वेळी बँक मागणारच आहे.

नाही म्हणाले तर? तर १ हजार सेटच करा, ज्याचे पैसे आधी आले तेवढेच. रिकाम्या राहिलेल्या मशीनवर काय करायचं ते खाली आहे.

पण त्याआधी दिरांचा घरी मशीन वाटायचा बेत. दीर तुमचं वाईट चिंतत नाहीत. शेडचं भाडं, वीज, पंखा, चहा, हे सगळं वाचेल हा त्यांचा हिशेब खरा आहे. पण तो कोणाच्या खिशातून वाचेल ते तुमच्याकडच्या त्या दोघींना विचारा. विडीचं काम सोलापुरात पिढ्यान् पिढ्या असंच चाललं. पानं आणि तंबाखू घरी न्यायची, हजारावर मजुरी, वळून आणून द्यायच्या आणि मोजणाऱ्यासमोर उभं राहायचं. नापास विड्यांची छाट किती निघेल ते त्याच्या हातात. घराची जागा, दिवा, बसून दुखलेली पाठ, तंबाखूची धूळ आणि मदतीला बसवलेली पोर, हे कुठल्याच हिशेबात येत नाही. त्या दोघी हे सोडून तुमच्या शेडमध्ये आल्या ते काय उगीच? दहा ते सहा काम, सहानंतर घर वेगळं, आणि शनिवारी हातात पडणारा हप्ता. त्यांना पुन्हा घरी बसवून कापडाचं गाठोडं पाठवायचं म्हणजे विडीच्या जागी गणवेश ठेवायचा, एवढंच.

आणि धंद्याच्या अंगानेही ते परवडत नाही. गणवेशात एका शाळेचे चारशे शर्ट एकसारखे दिसावे लागतात. बारा घरांतून आले की टाक्याची लांबी बारा तऱ्हांची, कॉलरची टोकं बारा तऱ्हांची. कोणाच्या घरी लाइट गेली, कोणाच्या भाचीने पांढऱ्या कापडावर हळदीचा हात पुसला, कोणाची सुई तुटली आणि बदलायला दोन दिवस लागले. आज तुमचा मास्तर कटिंग टेबलावरून मान वर करून ओव्हरलॉकवरच्या बाईला ‘शिवण ओढतेय बघ’ म्हणतो, हे एक वाक्य तुमची खरी गुणवत्ता तपासणी आहे. ते घरोघरी कसं पोचवणार? शेडचे गुण गायची हौस म्हणून मी हे लिहीत नाही. शेठजींनी रंगाच्या शेडची सबब सांगितली ती खोटी असेलही, पण घरून शिवून घेतलेल्या मालात ती खरी ठरायला वेळ लागणार नाही.

ज्यांची मुलं लहान आहेत किंवा घरी आजारी माणूस आहे, अशा एखाद-दुसरीने स्वतःहून मागितलं तर धागे कापणं, बटणं लावणं, घड्या घालून पॅकिंग, एवढं काम घरी जाऊ द्या. तेही तिने मागितलं तर.

आता मंदीचे महिने. गणवेशाचा सीझन एकच, हे मात्र पूर्ण खरं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुटे साईज लागतात. कोणाला २८ आलं आणि ३० हवं, कोणी उशिरा प्रवेश घेतला, कोणाची पँट पहिल्या पावसात फाटली. ठोकवाला पाच शर्टांसाठी हलत नाही. तुम्ही चार दिवसांत देऊ शकता, आणि अशा फुटकळ कामाला दर चांगला मिळतो. ज्या शाळांना तुमचा माल ठोकवाल्यामार्फत जातो त्यांची नावं तुम्हाला ठाऊकच आहेत, कारण मोनोग्राम तुम्हीच लावता. सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडच्या शाळा घ्या. शेठजींच्या गावातल्या नको, तेवढी रीत पाळा.

सरकारी शाळांचंही बघा. २०२४-२५ ला राज्याने एकाच रंगाचं कापड वरून खरेदी करून बचत गटांकडून शिवून घ्यायचा घाट घातला. गणवेश उशिरा आले, मापं चुकली आणि बराच गोंधळ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ते मागे घेऊन खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. समितीत गावातले पालक असतात, त्यांच्याशी बोलता येतं. दर मात्र बेताचा, एका गणवेशाला ३०० रुपये, आणि अनुदान कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून हे काम फक्त मंदीत आणि मोजकंच घ्या. पैसे शेठजींकडून सुटले आणि शासनाकडे अडकले, असं व्हायला नको.

याखेरीज दवाखान्यांचे एप्रन, नर्सिंग कॉलेजचे ड्रेस, सिक्युरिटीवाल्यांचे शर्ट, हॉटेलातल्या पोरांचे जॅकेट. यांना शाळेचं वेळापत्रक नसतं. तुमची मशीनं आणि काज-बटणाचं यंत्र तेच लागतं. मोठं हॉस्पिटल किंवा कंपनी गिऱ्हाईक मिळाली तर तिथे ‘ट्रेड्स’ या बिलांच्या ऑनलाइन व्यासपीठावर बिल टाकता येतं का ते विचारा. बिल मान्य झालं की वित्तसंस्था थोडी कसर कापून पैसे लगेच देते आणि कंपनीकडून नंतर वसूल करते. शेठजींसारख्या व्यापाऱ्याकडे ही सोय नसते.

तरीही दोन-अडीच महिने काम कमी असणारच. बायकांना हे मार्चमध्येच मोकळेपणाने सांगा. माझा सल्ला असा की सीझनमध्ये प्रत्येकीच्या नगाच्या मजुरीवर थोडी रक्कम तुमच्या बाजूने वेगळी टाका, तिच्या नावाच्या वहीत, आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरात हप्त्याला जोडून द्या. उचल म्हणून देऊ नका. उचल घेतलेली बाई मिंधी होते आणि मग ती सोडूनही जात नाही, बोलतही नाही. पैसे वसूल झाले की पहिल्यांदा पाटल्या सोडवा, दुसऱ्यांदा या वह्या सुरू करा. मशीनचं पुढच्या वर्षी बघू.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रातून दिसली. १० किंवा जास्त माणसं असली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. तुमच्याकडे मास्तर धरून १३ आहेत आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. नगावर काम करतात म्हणून सूट मिळत नाही. मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का. १२ हजारांवर तुमचे ३९० रुपये, तिचे ९०. बारा जणींचे मिळून तुमचे महिन्याला ४ हजार ६८०. मघाशी व्याजाचा आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? शेठजींकडच्या रकमेवर कायद्याने होणारं एका महिन्याचं व्याज यापेक्षा जास्त आहे. या पैशांत बाईला आणि तिच्या घरच्यांना दवाखाना, आजारपणात अटी पुऱ्या असतील तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे, लांब जावं लागत नाही. तिथे रांग असते आणि औषधं कधी नसतात, हे तुमच्या बायका मला सांगतील, तरीही बोटात सुई घुसली तर खासगी दवाखान्यात जो खर्च होतो तो तुमच्याच अंगावर येतो.

पुढे माणसं वाढवून २० झाली की भविष्य निर्वाह निधीही लागेल. त्यात नोंदणी असलेल्या मालकाला १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात घेतलेल्या नव्या माणसांसाठी केंद्राकडून पगारानुसार महिन्याला ३ हजारांपर्यंत मदत मिळते, ५० च्या आतल्या युनिटने निदान दोन माणसं वाढवली तर. ते तेव्हा बघू.

ईएसआयची नोंदणी ऑनलाइन होते. पण तुमची माणसं १० केव्हा झाली आणि मागची वर्गणी किती निघते, हे आधी तुमच्या कर सल्लागाराबरोबर बसून काढा. लपवून उद्याची तारीख टाकू नका, ती हजेरीच्या वहीत पकडली जाते. मास्तरांचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर त्यांचंही नाव घाला, आणि बायकांची आधार कार्डं गोळा करताना घरच्यांचीही मागून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा मागावी लागणार नाहीत.